साठ किलोची दोरी, सातशे किलोचा मासा

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू देशात काबो ब्लांको नावाचे एक लहानसे कोळ्यांचे गाव आहे. ४ ऑगस्ट १९५३ रोजी या गावासमोरच्या समुद्रात आल्फ्रेड ग्लासेल नावाच्या अमेरिकन हौशी मासेमाराच्या गळाला एक काळा मार्लिन लागला. मार्लिन म्हणजे भाल्यासारखी लांब चोच असलेला, खुल्या समुद्रात राहणारा मासा. तो बोटीशी ओढून आणायला ग्लासेलला पावणेदोन तास लागले. माशाची लांबी होती जवळजवळ साडेचार मीटर आणि वजन ७०७ किलोग्रॅम! गळाने धरलेल्या काळ्या मार्लिनचा हा विक्रम सत्तर वर्षे उलटून गेली तरी मोडलेला नाही.

आता गंमत पाहा. हा विक्रम नोंदला गेला आहे तो १३० पौंड, म्हणजे सुमारे ६० किलोच्या दोरीच्या वर्गात. या दोरीला एखाद्या खोलीच्या आढ्यापासून साठ किलोहून जड माणूस लोंबकळला, तर ती तुटेल. मग सातशे किलोचा, आणि तोही जिवाच्या आकांताने ओढणारा मासा तिने कसा धरून ठेवला?

(शिक्षकांनी रागावू नये. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, बलाचे नव्हे, हे खरेच. पण दोरीच्या वेष्टनावर किलो किंवा पौंडच छापतात, म्हणून या लेखात ‘१ किलो ओढ’ म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन बल असे समजून चालू.)

उत्तराचा अर्धा भाग तुम्हाला आर्किमिडीजपासून ठाऊक आहे. माशाच्या शरीराची घनता समुद्राच्या पाण्याच्या घनतेच्या जवळपास असते. त्याचे वजन पाण्याचे प्लावक बल तोलून धरते. म्हणजे पाण्यात असेपर्यंत सातशे किलोच्या माशाचे ‘वजन’ दोरीवर जवळजवळ येतच नाही. दोरीवर येते ती त्याच्या पोहण्याची ओढ.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर सापडतो. जोराचा वारा आला की तुम्ही पतंगाला काय देता? ढील! मांजा घट्ट धरून बसाल तर तो तुटेल. म्हणून तो बोटांतून सरकू देता, पण अगदी मोकळाही सोडत नाही. बोटांच्या चिमटीत दाबून, थोडा विरोध करीत सोडता. समुद्रावरच्या मासेमारीच्या रिळात हेच काम एक यंत्र करते. रिळाची फिरकी चकत्यांच्या दोन थरांमध्ये दाबलेली असते. दांड्याने किंवा चाकाने हा दाब कमीजास्त करता येतो. याला मासेमार ‘ड्रॅग’ म्हणतात, आपण ब्रेक म्हणू. ब्रेक ६ किलोला लावला असेल, तर मासा त्यापेक्षा कमी ओढीपर्यंत फिरकी हलवू शकत नाही. त्याहून जास्त ओढ लागली की फिरकी सरकते आणि दोरी सुटत जाते. मासा पळतो, पण फुकट पळत नाही. समजा ब्रेक २० किलोला आहे आणि मासा १०० मीटर पळाला. त्याने केलेले कार्य झाले सुमारे २०० न्यूटन गुणिले १०० मीटर, म्हणजे २०,००० ज्यूल. एवढ्या ऊर्जेत १०० ग्रॅम पाणी सुमारे ४८ अंश सेल्सिअसने तापेल. ही सारी उष्णता ब्रेकच्या चकत्यांमध्ये निर्माण होते. मोठा मासा पळत असताना रिळाला हात लावला तर ते गरम लागते ते यामुळेच. अशा चार-सहा धावा झाल्या की मासा दमतो.

तेव्हा माशाचे वजन आणि दोरीचे बळ यांचा थेट संबंध नाही. दोरीने माशाला तोलायचे नसते. ब्रेक सरकेपर्यंत आणि सरकत असतानाही तुटायचे नाही, एवढेच तिचे काम. म्हणजे दोरी निवडायची ती ब्रेक पाहून. एवढे लक्षात ठेवून आता आपण दुकानात जाऊ.

दुकानदार तुमच्यापुढे विणलेल्या दोऱ्यांच्या चकत्या ठेवतो. कुणी १५ किलोची, कुणी २३ ची, कुणी ४५ ची. इंग्रजीत हिला ‘ब्रेडेड लाइन’ म्हणतात (पावाशी काही संबंध नाही, ब्रेड म्हणजे वेणी). ४५ किलोची दोरीसुद्धा अर्धा मिलिमीटर जाड नाही. मग बुद्धी म्हणते, घ्या की सर्वांत बळकट! नुकसान काय?

थांबा. आधी ही दोरी कशाची आहे ते पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

ग्लासेलच्या आधीच्या पिढीतले मासेमार जवसाच्या झाडाच्या तंतूंची, म्हणजे लिननची पीळदार दोरी वापरीत. तिचे बळ धाग्यांच्या संख्येवर सांगत. एका धाग्याला ओले असताना तीन पौंड, म्हणून ३९ धाग्यांची दोरी ११७ पौंडांची. लिनन भिजले की अधिक बळकट होते, हा त्याचा गुण. पण रोज संध्याकाळी सगळी दोरी रिळावरून उलगडून वाळवावी लागे, नाहीतर ती कुजे. मग नायलॉन आले. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत ते प्रथम तयार झाले. मोती ओवायला वापरतात तो पारदर्शक तंगूस तुम्ही पाहिला आहे ना? तोच. नायलॉन कुजत नाही, पण थोडे पाणी पिते आणि ओले झाले की काहीसे दुबळे होते. शिवाय ते रबरासारखे ताणले जाते. तुटेपर्यंत त्याची लांबी वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढू शकते.

आजची विणलेली दोरी बनते पॉलिथिलीनची. होय, भाजीच्या पिशवीचे पॉलिथिलीन! पिशवी हाताने फाटते आणि त्याच पदार्थाचा धागा त्याच वजनाच्या उत्तम पोलादी तारेपेक्षा दहापटीहून अधिक ओढ सोसतो, हे कसे?

पॉलिथिलीन हे बहुवारिक आहे. त्याचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची लांबच लांब साखळी. साखळीतला कार्बन-कार्बन बंध अतिशय मजबूत असतो. पण पिशवीत या साखळ्या उकडलेल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. ओढले की त्या एकमेकींवरून घसरतात, साखळीच्या बंधांवर जोर येतच नाही. दोरीच्या पॉलिथिलीनमध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक तर साखळ्या फारच लांब घेतल्या आहेत, एकेकीत दोन लाखांहून अधिक कार्बन अणू. दुसरे, त्या साऱ्या केस विंचरल्यासारख्या एका दिशेने सरळ केल्या आहेत. हे दुसरे काम महाकठीण. इतक्या लांब साखळ्यांचा गुंता सुटावा कसा? १९७० च्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी युक्ती काढली. पॉलिथिलीन द्रावकात विरघळवून साखळ्या एकमेकींपासून दूर करायच्या, त्या द्रावणाचा धागा काढून थंड करायचा, म्हणजे तो जेलीसारखा होतो, आणि मग तो तापवून अनेकपट ताणायचा. ताणता ताणता साखळ्या सरळ होतात. १९९० पासून हॉलंडमध्ये या धाग्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत तो मासेमारीच्या रिळांवर येऊन पोचला.

सरळ केलेली अशी एक साखळी मोजली तर मिलिमीटरचा चाळिसावा भागही मुश्किलीने भरेल. शेकडो मीटर दोरीत ती दुसरीला धरून ठेवते कशी? शेजारच्या साखळ्यांमधले आकर्षण अगदी क्षीण असते, पण ते लाखो ठिकाणी असते. कापसाच्या आखूड तंतूंचे लांब सूत होते, त्यातलाच हा प्रकार. मात्र क्षीण आकर्षणाचा एक तोटाही आहे. हा धागा गुळगुळीत, घसरडा असतो आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसलाच वितळतो. हा तोटा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

असे कित्येक बारीक तंतू एकत्र करून त्यांचे चार किंवा आठ पदर वेणीसारखे विणतात. पीळ घातलेली दोरी ताण आला की उलट फिरून उलगडू पाहते. वेणीत अर्धे पदर डावीकडून व अर्धे उजवीकडून गेलेले असल्याने ती फिरत नाही.

आता जाडी. जपानी पद्धतीत या दोऱ्यांना ‘पीई’ क्रमांक असतो आणि तो जपानबाहेरही चालतो. पीई १ म्हणजे २०० डेनिअरची दोरी, म्हणजेच जिची ९,००० मीटर लांबी २०० ग्रॅम भरते ती. पीई ४ ची ९,००० मीटर लांबी ८०० ग्रॅम भरेल. तिच्या एका मीटरचे वजन होते ०.०८९ ग्रॅम. घनता ०.९७ धरली (म्हणजे ही दोरी पाण्यावर तरंगते), तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०९२ चौरस मिलिमीटर आणि व्यास सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटर येतो. हे गणित वहीत करून पाहा. पीई ४ च्या दोरीवर साधारण २३ किलोच्या आसपास बळ छापलेले असते. तेवढ्याच बळाचा नायलॉनचा तंगूस घेतला, तर तो ०.७ मिलिमीटरच्या आसपास भरतो. व्यास दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट!

क्रमांक वजनावर ठरलेला असल्याने एक सोपा हिशोब निघतो. फिरकीवर जागा ठरावीक असते. तिच्यावर पीई ८ ची ३०० मीटर दोरी मावत असेल, तर पीई ४ ची ६०० मीटर मावेल. बळ दुप्पट हवे असेल तर लांबी निम्मी करा. ‘सर्वांत बळकट घ्या’ म्हणणाऱ्याला समुद्राने दिलेले हे पहिले उत्तर. कुपा, म्हणजे ट्यूना, गळाला लागला की खोल पाण्यात एका दमात दोन-तीनशे मीटर पळू शकतो. फिरकीवर ३०० मीटरच असेल तर दोरी संपते, फिरकी गपकन थांबते, ब्रेकचा उपयोग संपतो आणि दोरी शेवटच्या गाठीशी तुटते. दोरी दुप्पट बळकट घेतली म्हणूनच मासा गेला! आणि तो नुसता जात नाही. ओठात गळ आणि मागे तीनशे मीटर न कुजणारी दोरी घेऊन जातो. लिननची दोरी निदान कालांतराने सडून तरी जाई. पॉलिथिलीनच्या बाबतीत तशी आशा नको. ती प्रवाळात अडकते, माशाला खिळवून ठेवते, कासवाच्या पंखात गुरफटते.

मग किती घ्यावी? खुल्या समुद्रात २०-२५ किलोच्या कुप्यासाठी ब्रेक साधारण ६ किलोला लावतात असे धरू. तर मग १० किलोची दोरी पुरेल? पाहू या.

भरलेल्या फिरकीची त्रिज्या समजा ३० मिलिमीटर आहे. ब्रेक फिरकीच्या आसाला आवळतो, म्हणजे फिरकी फिरवायला लागणारा जोर कायम असतो. पण तो जोर म्हणजे ओढ गुणिले त्रिज्या. दोरी सुटत गेली की गुंडाळा बारीक होतो. त्रिज्या २० वर आली की तीच फिरकी फिरवायला ६ ऐवजी ९ किलो ओढ लागते. तुम्ही ब्रेकला हातही लावलेला नसतो! फिरकीचा मधला दांडा १५ मिलिमीटर त्रिज्येचा असेल तर ही स्थिती पाऊण दोरी सुटल्यावर येते, म्हणजे नेमकी मासा सर्वांत दूर असताना. अननुभवी माणूस अशा वेळी घाबरून ब्रेक आणखी आवळतो. खरे तर तो सैल करायला हवा.

त्यात पाण्याचा रोध मिळवा. मासा दिशा बदलतो तेव्हा मागची दोरी पाण्यातून आडवी ओढली जाते. पीई ४ ची १०० मीटर दोरी सेकंदाला १ मीटर वेगाने आडवी ओढायला सुमारे २ किलो बल लागते. ०.७ मिलिमीटरच्या तंगुसाला सव्वाचार. वेग दुप्पट झाला की रोध चौपट. तेव्हा या खात्यावर ४ किलो मांडून ठेवू. ९ आणि ४ मिळून १३ किलो झाले.

राहिली गाठ. दोरीचे छापील बळ असते ते सरळ दोरीचे. गाठीत ती वाकते, वाकल्या जागी बाहेरच्या तंतूंवर जास्त ताण येतो, आतल्यांवर कमी. सगळे मिळून ओढ सोसत नाहीत. शिवाय हा धागा घसरडा! साधी गाठ मारली तर ती सरकते, सरकताना घर्षणाने तापते, आणि वितळायला किती कमी उष्णता पुरते ते आपण पाहिले. म्हणून गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करतात. साध्या गाठीत निम्मे बळ जाऊ शकते. बऱ्यापैकी बांधलेल्या गाठीत दोन-तृतीयांश उरले असे धरले, तर २३ किलोची दोरी प्रत्यक्षात १५ किलोची होते.

१३ किलो ओढ, १५ किलो बळ. जेमतेम निभावले! आता कळेल, ६ किलोच्या ब्रेकला २३ किलोची दोरी कशासाठी. ब्रेक दोरीच्या छापील बळाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका ठेवावा, असा मासेमारांचा रिवाज आहे. तो कुणी या गणितातून काढला नसेल, दोऱ्या तुटून तुटून काढला असेल. पण गणिताशी तो जुळतो.

म्हणजे खुल्या समुद्रातल्या कुप्याला पीई ४ योग्य. पण हाच नियम घेऊन अंदमानला जाल तर फसाल. तिथे प्रवाळाच्या खडकांजवळ जायंट ट्रेव्हली नावाचा दांडगा मासा मिळतो. या जातीचा जपानात २००६ मध्ये धरलेला विक्रमी मासा ७२.८ किलोचा होता. आपण मात्र कुप्याइतकाच, २५ किलोचा मासा घेऊ. गळ लागताच तो लांब पळत नाही. सरळ खाली, प्रवाळाच्या कपारीत शिरतो. प्रवाळाची धार करवतीसारखी असते आणि ताणलेली विणीची दोरी तिला टेकताच तुटते. इथे ढील देऊन चालणारच नाही. पहिल्या वीस-तीस मीटरांत मासा रोखायचा तर ब्रेक १० ते १२ किलो हवा, म्हणून दोरी ४० किलोच्या पुढची, पीई ८. तीनशे मीटर लांबी इथे भरपूर झाली. वजन तेच, पण तळ वेगळा, म्हणून दोरी वेगळी.

मग ६० किलोची दोरी आणि २० किलोचा ब्रेक का नको? कारण रिळाच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही आहात. सव्वादोन हात उंचीवरून बादली उचलणे वेगळे आणि तरफेच्या टोकाला टांगून उचलणे वेगळे. छडीचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात, पुढचा हात बुंध्यापासून ६० सेंटिमीटरवर, आणि छडी वाकल्यावर टोकाची ओढ दीड मीटर अंतरावर लागते. १० किलोच्या ओढीला पुढच्या हाताने २५ किलो तोलावे लागतात. हलत्या बोटीत, ओल्या फळीवर उभे राहून! २० किलोचा ब्रेक लावलात तर हातावर ५० किलो. तुम्हीच समुद्रात जाल. ग्लासेलसारखे लोक बोटीला पक्क्या केलेल्या खुर्चीत बसून, पट्ट्यांनी रीळ खांद्या-कमरेला जखडून लढतात ते यासाठी.

फार बळकट दोरीचा आणखी एक धोका गळ खडकात अडकला की कळतो. तो सुटत नाही आणि दोरीही तुटत नाही. अशा वेळी चुकूनही ती हाताला किंवा बोटाला गुंडाळून ओढू नये. पाव मिलिमीटरची दोरी मांसात सुरीसारखी जाते. लाकडी दांड्याला आठ-दहा वेढे देऊन ओढावी. वेढ्यांमागून वेढे घेतले की घर्षण झपाट्याने वाढते आणि टोक दोन बोटांत धरले तरी पुरते. धक्क्याला लागणाऱ्या मचव्याचा दोर खांबाला दोन-तीन वेढे देऊन एकटा खलाशी कसा धरून ठेवतो, ते तुम्ही पाहिले असेल. विणीची घसरडी दोरी तंगुसाला जोडायची चांगली गाठही याच तत्त्वावर असते. एकाभोवती दुसरीचे आलटून पालटून पंधरा-वीस वेढे, आणि घट्ट वाकवणे कुठेच नाही.

तंगुसाला कशाला जोडायची? विणीची दोरी तुटेपर्यंत तीन-चार टक्केच ताणली जाते. म्हणून शंभर मीटर खोल माशाने नुसते तोंड लावले तरी हाताला कळते. तंगूस असता तर ती टिचकी वाटेतच जिरली असती. पण हिसका बसला की हाच गुण अवगुण ठरतो. म्हणून शेवटच्या काही मीटरांत जाड तंगूस जोडतात. तो थोडा हिसका पितो आणि खडकावर घासून लगेच कापला जात नाही. आपल्या कोकणातल्या सुरमईला मात्र तोही पुरत नाही. तिचे दात कात्रीसारखे, म्हणून गळाजवळ वीतभर तार लागते.

घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. शिवणाचा दोरा घ्या, दाराच्या कडीला बांधा, खाली लहान प्लॅस्टिकची बादली टांगा आणि तिच्यात पेल्याने मोजून पाणी ओता. बांधताना गाठ न मारता दोरा दोन्ही बाजूंना पेन्सिलीवर आठ-दहा वेढे देऊन अडकवा. बादली जमिनीपासून चार बोटेच वर असू द्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोरा कितीला तुटला ते लिहा, पाच वेळा करून सरासरी काढा. मग तोच दोरा मध्यावर एक साधी गाठ मारून टांगा आणि पुन्हा पाच वेळा मोजा. तुटलेली टोके भिंगाखाली धरून दोरा नेमका कुठे तुटला तेही पाहा. बहुधा गाठीच्या पोटात नव्हे, दोरा जिथे गाठीत शिरतो तिथे.